खरवडलेला चेहरा

४ मार्च

वहिनी,

मायना तुझ्या मनाने घालून घे. मोठ्यांना नमस्कार, छोटीला पापा, आणि आईला सांग की मी वेळेवर जेवते. एवढं लिहून टाकलं की पुढचं मोकळेपणाने लिहिता येतं.

तू विचारलंस, वन्सं तुम्ही तिथे नेमकं करता काय, कारण आई शेजारणींना सांगते "ती मातीकाम करते" आणि शेजारणींना वाटतं मी माठ घडवते. वाटू दे. माठ घडवणं काही वाईट नाही, त्याला निदान गिऱ्हाईक असतं.

आता ऐक. पोलिसांना कुठे ना कुठे हाडं सापडतात. कोणाची ते कळत नाही. मी येण्याआधी अशा माणसाला एक नंबर मिळायचा, एक खोकं मिळायचं आणि फळीवर जागा मिळायची, की संपलं. मी म्हटलं, कवटी आहे म्हणजे चेहऱ्याचा पाया शाबूत आहे, वरचं घर पुन्हा बांधून बघू. साहेब म्हणाले, बाईमाणसाला हे बघून भोवळ येईल. पहिल्या दिवशी भोवळ आली ती त्यांच्या कारकुनाला, आणि त्याच्या तोंडावर पाणी मारलं मी. आमच्या इमारतीत बायकांना हात धुवायला जागासुद्धा नव्हती, कारण इथे कधी बाई कामाला येईल हे बांधणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता जागा आहे. दारावर माझंच नाव लिहायला हवं, वापरणारी मी एकटीच.

काम असं: कवटीची प्लॅस्टरची नक्कल करायची. गालावर, कपाळावर, हनुवटीवर कातडीखाली मांस किती जाड असतं याची मापं मी बरीच वर्षं खपून जमवली आहेत. त्या त्या जागी तेवढ्याच उंचीच्या रबराच्या खुंट्या चिकटवायच्या आणि खुंट्यांच्या माथ्यापर्यंत माती भरत जायची. ओठ दातांवरून कळतात. नाक अर्धं हाड सांगतं, अर्ध्यासाठी अंदाज. मग फोटो काढून वर्तमानपत्रात द्यायचा, आणि कोणीतरी ओळखेल म्हणून वाट बघायची. कोणी ना कोणी येतं, वहिनी. येतात, बघतात आणि मटकन खाली बसतात.

ह्या कामात एकच मोठा धोका. हात घरी पळतो. म्हणजे माणूस जन्मभर जे चेहरे बघत आला तेच बोटांतून उतरायला लागतात. मी केलेला पहिला चेहरा आपल्या आईची हनुवटी घेऊन बसला होता. मनी वसे ते हाती दिसे. तेव्हापासून मी नियम केला, आणि शिकायला येणाऱ्या पोरांना तो पाठ करायला लावते: चेहरा ओळखीचा वाटला की खरवडायचा. दया दाखवायची नाही.

ह्या वेळचा तर माझी परीक्षाच बघायला आला होता. स्टेशनच्या पलीकडे रस्ता रुंद करताना जुना नाला उपसला, त्यात सापडला. पुरुष, चाळिशीच्या आतला. कपाळ भरलं, गाल भरले, आणि बघते तर आमच्याच घरातलं कोणीतरी समोर येऊन बसलेलं. खरवडलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. साहेबांना म्हटलं, आमचं घराणं हाताला चिकटलंय, आज साबण जास्त लागणार. तिसऱ्या खेपेला हाड देईल तेवढी मुभा घेऊन नाक रुंद केलं, गाल उतरवले, तेव्हा कुठे तो परका दिसायला लागला. येत्या आठवड्यात फोटो छापून येईल. तुमच्याकडच्या आवृत्तीतही असेल, आईला दाखव, म्हणजे माठ नाहीत हे तरी कळेल.

आता जरा कडू बोलते. आईने लिहिलंय की तू अजून संध्याकाळी दाराला कडी लावत नाहीस. दोन वर्षं होऊन गेली, वहिनी. बंदरावर दादाला बोटीत चढताना पाहिलं असं सांगणारा माणूस आपल्या ओळखीचा, त्याला खोटं बोलून काय मिळणार होतं. चांगलं चालतं दुकान, हाताखाली दोन माणसं, बायको, मुलगी, म्हातारी आई, सगळं टाकून गेला. माझा तो एकुलता एक भाऊ, पण उद्या समोर आला तर मी त्याला दारात उभं करणार नाही. तू का करावंस. कडी लावत जा.

तुझी,
नणंद


१७ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. कडीचं सोडून. साबणाचं ऐकून त्या हसल्या, आणि मग म्हणाल्या, "पोरीने लग्न केलं असतं तर मेलेल्यांची तोंडं धुवायची वेळ आली नसती." तुम्हाला त्यांचं बोलणं माहीत आहे. पण शेजारणीकडे गेल्या तेव्हा तुमचंच सांगत होत्या आणि सांगताना पदर सारखा नीट करत होत्या.

कडी गंजली आहे, म्हणून लावत नाही. दुसरं काही नाही.

छोटी आता वाचायला लागली. दुकानांच्या पाट्या वाचत चालते, त्यामुळे बाजारातून घरी यायला उशीर होतो. पुढचे दोन्ही दात पडलेत, बोलते तेव्हा निम्मं बोलणं वाऱ्यावर जातं. वर्तमानपत्रात तुमचं काम छापून आलं ते तिनेच आधी पाहिलं. चित्र बघून काहीतरी म्हणाली, पोरीचं बोलणं, सोडून द्या. मी ते पान घडी करून कपाटात ठेवलं आहे. सासूबाईंना दाखवायचं राहिलं.

एक विचारते, सहज. घरात बसून माणसाला रिकामे प्रश्न पडतात. त्या माणसाची उंची किती असेल? आणि ओठ दातांवरून कळतात असं तुम्ही लिहिलंत, तर त्याच्या दातांत काही वेगळं होतं का? त्याच्याजवळ काही सापडलं का? आणि पहिल्या दोन वेळा तुम्ही खरवडलंत, तेव्हा तो कोणासारखा दिसत होता? आमच्या घरातलं कोणीतरी असं लिहिलंत, पण कोण ते लिहिलं नाहीत.

हे विचारायला नको असेल तर उत्तर देऊ नका. पोलिसांच्या गोष्टी बाहेर सांगत नसतील.

सासूबाईंचे गुडघे बरे आहेत. माझं चाललं आहे.

तुमची,
वहिनी


२५ मार्च

वहिनी,

अगं, कमाल केलीस. इतकी वर्षं मी ह्या घरात हाडांबद्दल बोलायला लागले की जो तो ताट घेऊन उठायचा, आणि आज तू मला दात विचारतेस. साहेबांना तुझं पत्र वाचून दाखवणार होते. मग वाटलं नको, ते म्हणतील सगळं खानदानच असलं.

तर घे. उंची मध्यम, आपल्या दाराच्या चौकटीत डोकं न वाकवता जाईल इतकी. पायाचं मोठं हाड मोडलेलं, म्हणजे बहुधा एखाद्या गाडीने उडवलं, नाल्यात पडला, आणि वरून दरड आली. घातपात दिसत नाही. कोणी वाईट केलं नाही त्याचं, एवढं त्याच्या माणसांना सांगता येईल, जर ती भेटली तर.

दातांचं तू विचारलंस आणि माझ्या मर्मावर बोट ठेवलंस. वरच्या पुढच्या दाताच्या कडेला बारीक खाच आहे, कानशीने घासावी तशी. हे पडून होत नाही, वर्षानुवर्षं एकाच जागी काहीतरी धरून होतं. खुर्च्या मढवणारे, जोडे शिवणारे, असे लोक बारीक खिळे दातांत धरून काम करतात, एकेक काढून ठोकतात. तोंडात खिळे असले की ओठ एका बाजूने मिटून धरावा लागतो, आणि पुढे पुढे तो तसाच राहतो. म्हणून मी त्याचा ओठ उजवीकडे जरासा आवळलेला ठेवला. बाकीचा चेहरा मी भांडून मिळवला, पण ओठ मला त्यानेच दिला. पोलिसांनी इथली जोड्यांची सगळी दुकानं पालथी घातली, कोणाचा कारागीर हरवलेला नाही.

जवळ काही म्हणावं असं नाही. कापड कुजलेलं. थोड्या काचा आणि लाकडाच्या पट्ट्या होत्या, कोणीतरी फुटकी खिडकी टाकली असेल नाल्यात, लोकांना काय. ते सगळं खोक्यात भरून ठेवलंय. कुठे निघाला होता कोण जाणे. सापडला तिथून आमच्या इमारतीचं फाटक दिसतं. मी रोज त्याच रस्त्याने येते, त्यामुळे आता तिथून जाताना त्याच्याशी दोन शब्द बोलते. हसू नकोस.

खरवडला तो कोणासारखा होता? कपाळ आमच्या वडिलांचं. गाल, आता सांगायला हरकत नाही, दादाचे. राग आला की चेहरे जास्त येतात डोळ्यांपुढे, तसं झालं असणार. दादावर मी अजून चिडलेली आहे, तेच मातीत उतरलं.

तुझ्या डोक्याला काम हवंय, हे मला ह्या पत्रावरून कळलं. इथे ये. फोटो धुवायच्या खोलीत माणूस हवा आहे, मी साहेबांकडे शब्द टाकते. छोटीला इथे शाळा आहे, आईला मी सांभाळीन. आणि कडीला तेल घाल.

तुझी,
नणंद


१९ मे

वन्सं,

दोन महिने तुम्हाला उत्तर दिलं नाही. लिहिलं आणि फाडलं, असं चाललं होतं. आज फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

दुकान ह्यांचं कधीच नव्हतं. हाताखाली दोन माणसं नव्हती. हेच कोणाच्या तरी हाताखाली होते. तुम्हाला तिकडे बढती मिळाली त्याच सुमाराला ह्यांची पेढीवरची नोकरी गेली. तुमचं आनंदाचं पत्र आलं होतं, त्याला उत्तर काय लिहायचं म्हणून हे दिवसभर बसले आणि शेवटी लिहिलं की मी तसबिरींच्या चौकटींचं दुकान काढलं. दुकान होतं ते दुसऱ्याचं. हे तिथे चौकटी ठोकायला बसायचे. तुम्ही सुट्टीला आलात तेव्हा दुकान रंगवायला काढलंय म्हणून सांगितलं होतं, आठवत असेल. सासूबाईंना आणि मला माहीत होतं. सासूबाई म्हणाल्या, धाकटीपुढे त्याची मान खाली जाऊ द्यायची नाही. मीही गप्प बसले.

चौकट ठोकताना हे बारीक खिळे तोंडात धरायचे. उजवीकडे. मी रागवायचे, गिळाल म्हणून. तेव्हा ह्यांना बोलता यायचं नाही, नुसतं "हं" म्हणायचे.

तुमचा फोटो छापून आला होता, ह्या कामावर लागलेली पहिली बाई म्हणून, तो ह्यांनी कापून घेतला आणि त्याला स्वतःच्या हाताने चौकट केली. चांगलं लाकूड मालकाकडून मागून आणलं. काच बसवली. ती चौकट भिंतीवर बरेच दिवस होती. मी रोज ती बघायचे आणि रोज मला त्यातून तुम्ही फसलेल्या दिसायच्या. एक दिवस मी बोलले. खूप बोलले, वन्सं. म्हटलं, बहिणीचा एवढा अभिमान आहे तर तिच्या तोंडावर खरं सांगायची छाती नाही का. सकाळी ह्यांनी चौकट भिंतीवरून काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाले, "जातो, तिला देतो आणि सांगून येतो." जेवूनही गेले नाहीत.

मग मी तुम्हाला लिहिलं, हे तिकडे आले होते का, आणि तुम्ही कळवलंत, नाही. मला वाटलं, तुमच्या दारापर्यंत जाऊन लाज वाटली असेल आणि दुसरीकडे वळले असतील. मग बंदराची बातमी आली. सासूबाई म्हणाल्या, तू घालवलंस त्याला. त्यांचं काय चुकलं. कशावरून भांडण झालं ते मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं की दुकानाचं सांगावं लागणार.

तुमचं दातांचं वाचल्यापासून मला काय हवंय तेच मला कळत नाही. तो माणूस हेच असावेत असं वाटतं, आणि असं वाटल्यावर स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही. पण हेच असले तर हे आम्हाला टाकून गेले नाहीत. नसले तर कुठेतरी जिवंत आहेत, आणि आम्ही त्यांना नको आहोत. ह्या दोन्हींतलं काय मागू? बाईने मागावं असं ह्यात काय आहे?

सोबत बंद पाकीट आहे. त्यात ह्यांचा फोटो आहे, कामाचा डगला घातलेला, हसताना, दात दिसतात. मालकाने गंमत म्हणून काढला होता. तुमच्या हातात तो पडू नये म्हणून हे तो लपवून ठेवायचे. आता लपवून काय करायचंय.

वहिनी


२३ मे

वहिनी,

पत्र पोचलं. पाकीट मी उघडलं नाही. घरचं माणूस असेल तर त्या कामाला हात लावायचा नाही, हाही माझाच नियम, त्यामुळे ते तसंच साहेबांच्या हातात दिलं. ते आणि माझा मदतनीस कवटीचा फोटो आणि हा फोटो एकमेकांवर ठेवून बघतील. मला खोलीबाहेर बसायला सांगितलंय.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. एवढंच आज लिहिता येतंय.

नणंद


९ जून

वहिनी,

तो दादा आहे.

साहेब माझ्या टेबलाशी कधी येत नाहीत, बोलावणं पाठवतात. त्या दिवशी स्वतः आले आणि मला म्हणाले, बसा. मी बसलेलीच होते. तेव्हाच कळलं. दाताची खाच, जबड्याची ठेवण, डोळ्यांच्या खोबणी, सगळं एकावर एक बसलं. त्यांनी तीन वेळा करून पाहिलं, माझ्यासाठी. मग मला फोटो बघू दिला. डगल्यावर डिंकाचे डाग आहेत आणि तो किती मोकळा हसतोय. माझ्याबरोबर काढलेल्या एकाही फोटोत तो असा हसलेला नाही.

खोकं मागवून घेतलं. ज्याला मी खिडकीचा कचरा म्हटलं, त्या पट्ट्यांची टोकं तिरपी कापलेली आहेत. चारी जुळवल्या तर चौकट होते. अजून दोन खिळे आहेत त्यात, वाकडा एकही नाही. कागद कुठला राहतोय एवढे दिवस पाण्यात. माझाच फोटो होता, गेला तर गेला. मी जगाला शिकवत बसले की एवढीशी वस्तूसुद्धा टाकायची नाही, तिला विचारायचं, तू कोणाची. आणि ही माझ्याच नावाने आलेली, तर मी तिला कचरा म्हटलं. काखेत कळसा म्हणतात ते लोक हसून म्हणतात, वहिनी. मला ते आता कधी हसून म्हणता येणार नाही.

पण ते नाही मला खात. मी त्याला खरवडलं. तो आला होता, वहिनी. तुझ्यापाशी कबूल केल्याप्रमाणे माझ्यापर्यंत आला, फाटकाच्या अलीकडे पडला, एवढे दिवस चिखलात राहिला, आणि तरी शेवटी माझ्याच टेबलावर येऊन बसला. माझ्या हातांनी त्याला लगेच ओळखलं. हात शहाणे होते. मी त्यांना गप्प बसवलं. दोनदा तो माझ्या दारात उभा राहिला आणि दोनदा मी त्याला परत पाठवलं, आणि वर साबणाचा विनोद केला. उद्या समोर आला तर दारात उभं करणार नाही, असं मी तुला लिहिलं होतं ना. शब्द खरा केला.

ती माती तरी ठेवायला हवी होती असं मनात आलं. नाही ठेवत आम्ही. खरवडलेली माती पुन्हा टबात जाते, भिजते, मळली जाते. ती नंतर एका म्हातारीच्या चेहऱ्याला लागली. तिचे मुलगे येऊन तिला ओळखून गेले. दादाचे गाल तिच्याकडे गेले म्हणायचे, आता कुठे शोधू. मदतनीस म्हणाला, बाई, पुन्हा करा, ह्या वेळी खरवडू नका. बसले करायला. होत नाही. डोळ्यांपुढे येतो तो खरवडलेलाच येतो, मी केलेलं रुंद नाक घेऊन. माझ्या भावाचा चेहरा माझ्याच हाताने मी पुसला.

पोरांना काय शिकवू ते कळत नाही. नियम चुकीचा म्हणावं तर तोही नाही. आईची हनुवटी घेऊन बसलेला तो पहिला चेहरा खरंच दुसऱ्याच कोणाचा होता. वर्गात उभी राहिले, खडू हातात धरला आणि तशीच बाहेर आले.

एक सांग. चित्रातलं नाक त्याचं नव्हतं, गाल त्याचे नव्हते, ते मी मुद्दाम बिघडवले होते. तरी तू मार्चमध्येच दात विचारलेस. तुला कळलं कसं?

साहेब म्हणतात कागदपत्रं पंधरवड्यात होतील. मी त्याला घेऊन येते. आईला सांगायचं धैर्य माझ्यात नाही, तू सांग असं म्हणायचं तोंडही नाही. मी येईपर्यंत थांब.

तुझी


२० जून

वन्सं,

आज तुला तू म्हणते. मनात कितीदा म्हटलं असेल, लिहिताना प्रत्येक वेळी तुम्ही व्हायचं.

सासूबाईंना मी सांगितलं. तू येईपर्यंत थांबले नाही, कारण तुझं पत्र आलं तेव्हा त्या समोरच बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघून त्यांनीच विचारलं, "बोटीवर पाहिला तो आपला नव्हे ना?" मी म्हटलं, नव्हे. कुठे गेला होता, कशासाठी गेला होता, किती जवळ पोचला होता, सगळं सांगितलं. तू खरवडलंस ते सांगितलं नाही. ते आपल्या दोघींत राहू दे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे टाकून नाही गेला." मग म्हणाल्या, "मी तुला काय काय बोलले." मी म्हटलं, असू दे. त्या रडल्या नाहीत. मी रडले, अगदी मोठ्याने, छोटी घाबरली इतकी.

मी रडले त्यात दोन्ही होतं, वन्सं. हे गेले म्हणून, आणि हे माझेच होते म्हणून. तुला लिहिते कारण दुसऱ्या कोणाला हे कळणार नाही.

तू विचारतेस मला कसं कळलं. मला नाही कळलं. मी ते चित्र पाहिलं तेव्हा मला एक परका माणूस दिसला, तुला हवा होता तसाच. कळलं छोटीला. हे गेले तेव्हा ती एवढीशी होती, सगळे म्हणायचे हिला बापाचा चेहराही आठवणार नाही. खरंच आठवत नाही. ह्यांचं नाक कसं होतं विचारलं तर तिला सांगता येणार नाही, म्हणून तुझं बिघडवलेलं नाक तिच्या आड आलं नाही. पण दुकानात ती ह्यांच्या पायाशी लाकडाच्या ढलप्या खेळत बसायची. खालून वर बघितलं की तिला ह्यांचे ओठच दिसायचे. ती काही विचारायची आणि हे "हं" म्हणायचे. मग मी तिला सांगायचे, बाबांच्या तोंडात खिळे आहेत, खिळे संपले की बोलतील.

तर वर्तमानपत्र पुढ्यात पसरलेलं, मी भाजी निवडत होते, आणि तिने चित्रावर बोट ठेवून विचारलं, "आई, बाबांचे खिळे अजून संपले नाहीत?"

तो ओठ तू खरवडला नाहीस. तूच लिहिलं होतंस ना, तो त्याने दिला म्हणून. तुला माहीत नव्हतं तेवढंच त्याचं खरं त्या चेहऱ्यात राहिलं होतं, आणि तेवढं त्याच्या मुलीला पुरलं. तू त्याला परत पाठवलंस म्हणतेस. मग आमच्या घरात तो आला कोणाच्या हातून? विचार करून बघ. लगेच पटणार नाही, मला ठाऊक आहे.

पुन्हा चेहरा करायला बसू नकोस. चौकटीच्या पट्ट्या मात्र घेऊन ये. जुन्या मालकाला विचारलं, ते जोडून देतो म्हणाले. त्यात तुझा फोटो लावायचा की ह्यांचा डगल्यातला, ते तू आलीस की ठरवू. सासूबाईंचं म्हणणं, डगल्यातला.

छोटीने पुन्हा विचारलं. मी सांगितलं, आत्या बाबांना घेऊन येतेय. ते बोलणार नाहीत, पण येतायत. ती "हं" म्हणाली.

कडीचं मी तुला खोटं लिहिलं होतं. ती गंजलेली नव्हती. काल दिवेलागणीला सासूबाई भिंत धरून उठल्या, दारापाशी गेल्या, जरा वेळ बाहेर बघत उभ्या राहिल्या आणि त्यांनी कडी लावली. मग माझ्याजवळ येऊन बसल्या.

तू येशील तेव्हा वाजव. आम्ही जाग्याच असू.

तुझी,
वहिनी